शके १५५२ च्या दुष्काळांतील नंदुरबारची वाट : पीटर मंडीची साक्ष

नंदुरबार हें खानदेशाच्या पश्चिम टोंकाचें फार जुनें व्यापारी ठिकाण आहे. अकबराच्या कारकीर्दींत तें माळवा सुभ्यांतील एका सरकारचें मुख्य ठाणें होतें, ही गोष्ट ऐन-इ-अकबरीवरून अभ्यासकांस परिचित आहेच. सुरतेच्या बंदरांत उतरलेला माल बऱ्हाणपुरास व तेथून पुढें आग्र्यास ज्या वाटेनें जाई, ती वाट या शहरावरून होती. अशा वाटेवरील गांवाचा इतिहास बव्हंशीं वाटसरूंनींच लिहून ठेवलेला असतो. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका वाटसरूची साक्ष तपासणार आहों. इ. स. १६३० च्या नोव्हेंबरांत पीटर मंडी नांवाचा इंग्रज सुरतेहून आग्र्यास जातांना नंदुरबारावरून गेला. त्या वेळीं हा सर्व मुलूख दुष्काळानें उध्वस्त झाला होता. त्यानें काय पाहिलें, त्यांतील पाहिलेलें कोणतें व ऐकलेलें कोणतें, आणि त्यावरून या प्रांताच्या स्थितीविषयीं कोणतें अनुमान काढणें युक्त होईल, हे प्रश्न येथें विचारांत घ्यावयाचे आहेत.

वाट व तिची पूर्वस्थिति

सुरतेहून निघालेला काफिला बारडोली, वालोड, व्यारा, नवापूर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडें, थाळनेर व चोपडें या क्रमानें बऱ्हाणपुरास पोंचे. आजचा सुरत-भुसावळ लोहमार्गहि बऱ्याच अंशीं याच दिशेनें गेलेला आहे. व्याऱ्यापासून नवापुरापर्यंतचा भाग डोंगराळ व झाडीचा. नंदुरबारापासून पुढें तापीच्या खोऱ्यांतील काळी, सकस जमीन लागते. डोंगर ओलांडून आलेल्या बैलांस व माणसांस पहिला मोठा विसांवा मिळे तो नंदुरबारास, आणि शहराच्या भरभराटीचें हेंच मुख्य कारण होय.

दुष्काळापूर्वीं ही वाट कशी होती हें दोन जुन्या टिपणांवरून कळतें. विल्यम फिंच हा इ. स. १६१० मध्यें येथून गेला. त्याला शहराच्या अलीकडे पुष्कळ थडगीं व विलासगृहें, तसेंच एक किल्ला व सुरेख तलाव दिसला. त्यानंतर पांच वर्षांनीं, म्हणजे इ. स. १६१५ च्या नोव्हेंबरांत, जहांगिराच्या दरबारीं जाणारा इंग्रज वकील सर टॉमस रो याच वाटेनें बऱ्हाणपुरास गेला. मुलुखांत गुरेंढोरें विपुल आहेत असें त्यानें लिहिलें, आणि एकाच दिवशीं एकाच तांड्यांत धान्यानें लादलेले सुमारें १०,००० बैल भेटल्याचें नमूद केलें. रोचा महिना नोव्हेंबर व मंडीचाहि नोव्हेंबर; वाट तीच; अंतर अवघें पंधरा वर्षांचें. त्यामुळें या दोन वर्णनांची तुलना करण्यास आधार चांगला मिळतो.

दुष्काळाचीं कारणें

शके १५५२ चें संवत्सर प्रमोद नांवाचें होतें. नांव व वस्तुस्थिति यांचा विरोध याहून अधिक क्वचितच झाला असेल. दख्खनच्या वरघाटांत त्याच्या आदल्याच वर्षीं पाऊस कमी पडला होता. इ. स. १६३० च्या पावसाळ्यांत तर गुजराथ, खानदेश व दख्खन हे तिन्ही प्रांत कोरडे गेले. गुजराथेंत या काळास 'सत्याशियो' म्हणतात, कारण तेथील संवत् १६८७ होतें. आपल्याकडे जुन्या दुष्काळांचा विषय निघाला कीं दुर्गादेवीच्या दुष्काळाचें नांव सहज तोंडीं येतें. परंतु तो परंपरेनें इ. स. १३९६ ते १४०७ या काळांत मानलेला असून प्रस्तुत दुष्काळाशीं त्याचा संबंध नाहीं. देहूच्या तुकोबांचा व्यापार ज्या काळांत बुडाला व ज्यांत त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, तो काळ हाच असें सामान्यतः मानतात.

अवर्षण हें मूळ कारण खरें. परंतु तेवढ्यानेंच खानदेशाची ही दशा झाली असें म्हणतां येत नाहीं. बंडखोर सरदार खानजहान लोदी व त्यास आश्रय देणारी निजामशाही यांच्यावरील मोहिमेसाठीं शहाजहान बादशहा इ. स. १६३० च्या मार्चांत बऱ्हाणपुरास येऊन राहिला, तो १६३२ च्या मार्चापर्यंत तेथेंच होता. बादशहाची छावणी म्हणजे एक चालतें शहर. माणसें, घोडे, हत्ती, उंट व बैल या सर्वांस रोज दाणावैरण लागे. याशिवाय ख्वाजा अबुल हसन हा सरदार ८,००० स्वारांनिशीं नाशिक व संगमनेर या बाजूस नेमला गेला होता. त्यानें पावसाळ्याची छावणी धुळ्यास, लळिंग किल्ल्याच्या आसमंतांत केली, असें शहाजहानाचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो. बागलाणचा राजा भेरजी ४०० स्वार घेऊन त्यास पुढें मिळाला. तेव्हां ज्या पावसाळ्यांत खानदेशचें पीक गेलें, त्याच पावसाळ्यांत खानदेशाच्या एका अंगास बादशाही छावणी व दुसऱ्या अंगास ही फौज, अशीं दोन तोंडें त्याच कोठारास लागलीं होतीं.

याचा परिणाम धान्याच्या वाहतुकीवर झाला. एका प्रांतांत पिकलें नाहीं तर दुसऱ्या प्रांतांतून बैलांच्या पाठीवर धान्य आणावयाचें, हाच त्या काळीं एक उपाय असे. आणि हें काम वंजारी करीत. माळव्यांत या वर्षीं धान्य होतें. परंतु वंजाऱ्यांचे तांडे प्रथम जात ते जेथें रोख पैसा व सरकारी दरारा दोन्ही होते तेथें, म्हणजे बऱ्हाणपुरास. बऱ्हाणपुराच्या पश्चिमेस वाटेवर चारा व पाणी नाहीं म्हटल्यावर बैल पुढें येणार कसे? रोनें पाहिलेल्या दहा हजार बैलांची वाट याप्रमाणें नंदुरबारच्या बाजूस बंद पडली.

मंडी व त्याची तारीख

पीटर मंडी हा कॉर्नवॉलमधील पेनरिन येथील राहणारा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत तो इ. स. १६२८ च्या सप्टेंबरांत सुरतेस आला. आयुष्यभर केलेल्या प्रवासांचें टिपण त्यानें स्वतः चित्रांसह लिहून ठेविलें. तें हस्तलिखित ऑक्सफर्ड येथें आहे, व त्यांतील हिंदुस्थानविषयक भाग सर रिचर्ड टेंपल यांनीं इ. स. १९१४ मध्यें हॅक्ल्युत सोसायटीकरितां संपादून प्रसिद्ध केला. मंडी हा दरबारी लेखक नव्हता. कोणाची स्तुति करणें हें त्याचें काम नव्हतें. अंतरें, वस्तु व लोकांच्या रीति यांची नोंद करण्याची त्यास सवय होती. साक्षीदार या दृष्टीनें हे गुण मोलाचे आहेत.

आग्र्याच्या वखारीवर जाण्यासाठीं तो ११ नोव्हेंबर १६३० रोजीं सुरतेहून निघाला. ही तारीख इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची आहे. आजच्या गणनेनें ती २१ नोव्हेंबर येते. म्हणजे कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली होती, आणि नंदुरबार त्यानें कार्तिक वद्यांत गांठलें. मितीचा हा मेळ घालण्याचें कारण असें कीं, खानदेशांत हे दिवस खरिपाच्या सुगीचे. एरवीं या दिवसांत ज्वारीचीं कणसें खुडण्याची घाई असते, खळीं तयार होतात, बाजारांत नवें धान्य येतें. ज्या पंधरवड्यांत गांवांत सर्वांत अधिक धान्य असावयाचें, त्याच पंधरवड्यांतील हें वर्णन आहे. दुसरें असें कीं, डोंगरांतील लोकांचा दुष्काळांतला आधार जो मोह, त्याचीं फुलें फाल्गुन-चैत्राखेरीज मिळत नाहींत. तेव्हां मंडी गेला त्या वेळीं लोकांपुढें अजून चार महिने असे होते कीं, ज्यांत ना शेतांतून कांहीं येण्याची आशा, ना रानांतून.

प्रवाशानें पाहिलेलें

मंडीच्या वर्णनाचा सारांश आमच्या शब्दांत असा : सुरतेपासून नंदुरबारच्या टापूपर्यंत सडकेवर जागोजाग प्रेतें पडलेलीं होतीं, व त्यांच्या दुर्गंधीपासून प्रवाशांची कोठेंच सुटका नव्हती. गांवांच्या जवळ हा प्रकार अधिक. गांवचे लोक मेलेल्यांस पायांस धरून वेशीबाहेर ओढून टाकीत. त्यांत लहानथोर, स्त्रीपुरुष असा भेद उरला नव्हता, आणि अंगावर वस्त्रहि नव्हतें. नंदुरबारास तर आपला लहानसा तंबू ठोकण्यास मोकळी जागा मिळणें त्यास कठीण झालें. वाटेंत बायका उकिरडे उकरतांना दिसल्या. प्रवाशांच्या घोड्याबैलांच्या शेणांतून न पचलेले दाणे वेंचून लोक खात होते. आईबाप आपलीं मुलें विकण्यास, किंबहुना कोणी नेईल तर फुकट देण्यासहि तयार होते. तीं पुन्हां दृष्टीस पडणार नाहींत हें जाणूनच, पण जगतील एवढ्या आशेनें.

प्रेतांची गर्दी गांवाजवळ अधिक कां, याचा उलगडा करणें अवश्य आहे. दुष्काळांत माणूस प्रथम घरचें धान्य, मग गुरें, मग भांडींकुंडीं असें एकेक संपवितो, व शेवटीं गांव सोडतो. गांव सोडलेला माणूस बाजारपेठेकडे जातो, कारण धान्य असलें तर तेथेंच असावयाचें. नंदुरबारसारख्या पेठेच्या वेशीवर म्हणून आसपासच्या शेंकडों खेड्यांतील माणसें येऊन पडलीं. तीं त्या शहरचीं नव्हेत. त्यांचे नातलग, जातभाई, गांवचा महार किंवा पाटील, यांपैकीं कोणीहि तेथें नव्हता. प्रेत उचलणें, अग्नि देणें, पुरणें हीं कामें आपल्या समाजांत त्या काळीं नात्यानें व वतनानें वाटून दिलेलीं असत. नातें व वतन दोन्ही मागें राहिलीं म्हणजे प्रेत बेवारशी होतें. पायांस धरून ओढण्याची रीत हें नंदुरबारकरांच्या निर्दयपणाचें लक्षण म्हणून आम्ही समजत नाहीं. हजारों वर्षांची व्यवस्था कांहीं आठवड्यांत मोडल्याचें तें लक्षण आहे.

अविश्वास

मंडीच्या वर्णनांतील दुसरा विषय भुकेइतकाच महत्त्वाचा आहे, व तो म्हणजे माणसांचा एकमेकांवरील विश्वास नाहींसा होणें. बाजारांत धान्य मुळींच नव्हतें असें नाहीं. धान्य समोर दिसत असतां तें विकत घेण्यास पैसा नाहीं म्हणून माणसें मेलीं, व पैशावांचून मूठभर देण्याइतकी दया विकणारापाशीं उरली नव्हती, असें मंडी सांगतो. श्रीमंत व बलिष्ठ यांनीं सर्व धान्य आपल्याकडे ओढून घेतलें व या संकटावर कोणी उपाय केला नाहीं, असा त्याचा आरोप आहे.

येथें व्यापाऱ्याची बाजूहि पाहिली पाहिजे. एरवीं वाणी कुळास उधार धान्य देतो तें पुढील पिकाच्या भरंवशावर. पुढील पीक येईल कीं नाहीं, आणि आलें तरी कुळ जिवंत असेल कीं नाहीं, याची खात्री नाहींशी झाली कीं उधारी थांबते. उधारी थांबली म्हणजे ज्याच्यापाशीं रोकड नाहीं त्याला धान्य नाहीं. रोकड कोणापाशीं? बादशाही छावणींत. त्यामुळेंच एकाच रस्त्याच्या दोन ठिकाणीं अगदीं विरुद्ध चित्र दिसतें : बऱ्हाणपुराच्या छावणींत जिन्नस भरपूर, आणि त्याच सडकेवर नंदुरबारास उपासमार.

वाटेवरील भीति याहून वेगळी. काफिल्याजवळ शिधा असे म्हणून काफिल्यास लुटीचें भय. आणि हत्यारबंद काफिला जबरीनें धान्य घेईल म्हणून खेड्यांस काफिल्याचें भय. माणसें धरून खाल्लीं जातात, आईबापांनीं पोटचीं मुलें खाल्लीं, अशा वार्ता त्या वेळीं सर्वत्र होत्या. लाहोरीनें त्या लिहिल्या आहेत. व्हान ट्विस्ट या डच व्यापाऱ्याच्या वृत्तांतांतहि आल्या आहेत. या वार्तांचें काय करावयाचें? दोन परस्परांस अपरिचित लेखक एकच गोष्ट सांगतात तेव्हां ती सर्वस्वी खोटी म्हणतां येत नाहीं. परंतु प्रत्येक दुष्काळाच्या वर्णनांत हीच वार्ता येते हेंहि विसरतां कामा नये. आमच्या मतें अशा घटना किती घडल्या हा प्रश्न दुय्यम आहे. ती वार्ता लोकांनीं खरी मानली, एवढें निश्चित. आणि तेवढ्यानें वाटसरूस गांवांत थारा मिळणें व गांवकऱ्यानें एकट्यानें वाटेस लागणें दोन्ही दुर्घट झालीं असतील.

रोगराई

मंडी ३ जानेवारी १६३१ रोजीं आग्र्यास पोंचला. नर्मदेपलीकडे माळव्यांत शिरल्यावर त्यास हा हाहाकार राहिला नाहीं. मागें राहिलेल्या मुलुखाचें दुःख मात्र संपलें नव्हतें. इ. स. १६३१ च्या पावसाळ्यांत उलट अतिवृष्टि झाली. गुजराथेंत पिकें बुडालीं, टोळ व उंदीर यांनीं उरलेलें खाल्लें, आणि तापाची सांथ पसरली. उपासानें शरीर क्षीण झालेलें, विहिरी व ओढे प्रेतांनीं दूषित झालेले, आणि त्यावर पावसाळी ताप. अशा वेळीं रोग गरीब व श्रीमंत पाहत नाहीं. धान्य असलेल्यांसहि त्यानें गांठलें. सुरतेच्या इंग्रज वखारींतील निम्म्याच्या आसपास माणसें दगावलीं, व त्यांचा अध्यक्ष टॉमस रॅस्टेल १६३१ च्या नोव्हेंबरांत मरण पावला. त्याच वर्षीं डिसेंबरांत सुरतेजवळच्या सुंवाळीस उतरलेल्या एका डच व्यापाऱ्यास तेथील २६० कुटुंबांपैकीं दहा-अकराच जिवंत आढळलीं. गुजराथेंत तीस लक्ष व अहमदनगरच्या मुलुखांत दहा लक्ष माणसें मेल्याचा अंदाज डच पत्रव्यवहारांत आहे. हे आंकडे शिरगणतीचे नव्हेत. व्यापाऱ्यांच्या अदमासाचे आहेत. त्यांवरून प्रमाण समजावें, संख्या नव्हे.

मंडी स्वतः वांचला तो केवळ त्या वर्षीं आग्र्यास होता म्हणून. इ. स. १६३३ च्या मे महिन्यांत तो अहमदाबादच्या वाटेनें सुरतेस परतला, तेव्हां त्याच्या जुन्या सोबत्यांपैकीं बहुतेक मेले होते व शहर अद्याप सावरलें नव्हतें. नंदुरबारास तो पुन्हां आला नाहीं.

सरकारी उपाय

शहाजहानानें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत प्रांत येथें लंगर म्हणजे अन्नछत्रें उघडण्यांत आलीं. बादशहाचें राज्यारोहण सोमवारीं झालें होतें म्हणून बऱ्हाणपुरास दर सोमवारीं ५,००० रुपये, याप्रमाणें वीस आठवड्यांत एक लक्ष रुपये वांटण्यांत आले. अहमदाबादेस ५०,००० रुपये देण्यांत आले. खालसा मुलुखांतील सुमारें ७० लक्ष रुपयांचा सारा सोडण्यांत आला, असें लाहोरी लिहितो.

या उपायांचा विचार करतां दोन गोष्टी लक्षांत येतात. पहिली, साऱ्याची सूट ही मोठी रक्कम दिसते. परंतु जेथें पीकच नाहीं तेथें सारा वसूल होणारच नव्हता. सूट मिळाली ती जगून वांचलेल्या कुळांस. मरणारास तिचा उपयोग नव्हता. दुसरी, अन्नछत्रांच्या यादींत वाटेच्या दोन्ही टोंकांचीं नांवें आहेत : इकडे सुरत, तिकडे बऱ्हाणपूर. मधल्या नंदुरबारचें नांव तींत नाहीं. मंडीनें पाहिलेले लोक कोणत्या ना कोणत्या टोंकाकडे चालले होते याचें हेंहि एक कारण असावें. आणि वाट ज्यांना पुरी करतां आली नाहीं ते तिच्या मध्यावर पडले.

साक्षीचें मोल

मंडीच्या साक्षीची मर्यादा उघड आहे. त्यानें सडक पाहिली; सडकेपासून दोन कोस आंत काय होतें तें पाहिलें नाहीं. त्यास येथील बोली येत नव्हती, त्यामुळें मरणाऱ्यांचें म्हणणें त्याच्या टिपणांत नाहीं. तो परका व बाजारांतून जाणारा, म्हणून विकणाऱ्यांची निर्दयता त्यास दिसली, त्यांची भीति दिसली नाहीं. तथापि जें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें त्यास दरबारी इतिहासाचा व डच-इंग्रज पत्रव्यवहाराचा दुजोरा मिळतो, आणि या तिन्ही साधनांचे हेतु परस्परांहून भिन्न आहेत. म्हणून त्याचें वर्णन मूलतः विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मंडीस आपण एकाकी, संकटांत सांपडलेला प्रवासी म्हणून वाचतों. परंतु त्याच्याबरोबर काफिला होता, तंबू होता, शिधा होता, व पुढें आग्र्यास वखार होती. ज्यांच्यापाशीं यांतलें कांहींच नव्हतें, जे घर सोडून त्याच सडकेनें चालले होते व ज्यांस कोणत्याहि गांवचें दार उघडें नव्हतें, ते खरे एकाकी वाटसरू. त्यांनीं टिपण ठेविलें नाहीं. मंडीच्या टिपणाचा खरा उपयोग त्याच्या स्वतःच्या हालांपेक्षां या लोकांची हकीकत कळण्यासाठीं आहे.

या सर्व विवेचनावरून निघणारा निष्कर्ष असा : शके १५५२ मध्यें नंदुरबारचा टापू केवळ पाऊस न पडल्यामुळें ओस पडला नाहीं. पाऊस गेला, उरलेलें धान्य व तें वाहणारे बैल छावणीकडे ओढले गेले, उधारी व ओळख यांवर चालणारा व्यवहार थांबला, आणि शेवटीं रोगानें उरलेल्यांस नेलें. यांतील पहिली व शेवटची गोष्ट दैवाकडे जाते. मधल्या दोन मनुष्यकृत आहेत. पेठ पुढें सावरली. इ. स. १६६६ मध्यें इंग्रजांनीं येथें वखार घालण्याइतकें नंदुरबार पुन्हां महत्त्वाचें झालें होतें. शहरें वाटेच्या जोरावर लवकर उठतात. खेडीं तशीं उठत नाहींत.

त्या खेड्यांचा इतिहास मात्र अद्याप लिहावयाचा आहे, व तो परदेशी टिपणांतून मिळणारा नाहीं. वतनाच्या तंट्यांतील महजरांत वाडवडील दुष्काळांत परागंदा झाले, मागें दुसऱ्यानें वतन खाल्लें, अशा हकीकती येतात. जुन्या जमाबंदींत बेचिराग गांवांचीं नांवें असतात. नंदुरबार, नवापूर, शहादें व तळोदें या तालुक्यांतील जुन्या घराण्यांनीं आपलीं दप्तरें या दृष्टीनें तपासावीं, अशी आमची विनंति आहे. एखाद्या फाटक्या महजरांतील एका ओळीवरून त्या कार्तिकांत वाटेस लागलेलें एक तरी घर नांवानिशीं कळलें, तर मंडीच्या साऱ्या वर्णनास जी गोष्ट साधली नाहीं ती साधेल.